पियानोला नावं ठेवणं

इंदापूरच्या शाळेत मला कायमची नोकरी लागली, त्या वर्षी मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, आईला चष्मा करायचा. दुसरी, पियानो घ्यायचा. पहिली गोष्ट सगळ्यांना पटली. दुसरी मी बरेच दिवस कुणाला सांगितलीच नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. घर कोऱ्हाळे बुद्रुकला. आजोबा होते तोवर आमच्याकडे मेंढरं होती. पुढे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती विकून थोडा ऊस लावला. मुलगी म्हणून शिकायला मला कुणी अडवलं नाही, हे मी आजही माझं मोठं नशीब मानते. बी.एड.साठी पुण्याला गेले, तिथल्या वसतिगृहाच्या हॉलमध्ये एक जुना, भिंतीला टेकवून ठेवलेला उभा पियानो होता. त्याआधी मी पियानो फक्त सिनेमात पाहिला होता, आणि सिनेमात तो वाजवणारा माणूस बहुतेक वेळा दुःखात असायचा. वसतिगृहाच्या रेक्टर फार कडक होत्या, पण मी रोज त्या पियानोजवळ रेंगाळते हे बघून त्यांनी एके दिवशी स्वतःच झाकण उघडून दिलं आणि उजव्या हाताची पाच बोटं पाच पट्ट्यांवर कशी ठेवायची ते दाखवलं. वर्षभरात मला एक साधी चाल उजव्या हातानं वाजवता यायला लागली. डाव्या हाताची वेळ येण्याआधी वर्ष संपलं.

इंदापुरात मी हायवेजवळ खोली घेतली होती. वर्गात मुलं चाचणीचा पेपर लिहीत बसली की माझी बोटं टेबलावर तीच चाल वाजवायची. विज्ञानाच्या मॅडमनी ते पाहिलं आणि विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांचं माहेर बारामतीचं. माहेराजवळच मिशनच्या आवारात एक निवृत्त नर्सबाई राहतात, त्यांना त्यांचा पियानो विकायचा आहे, असं त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मी एसटीनं बारामतीला गेले. कौलारू घर, पुढं छोटा वऱ्हांडा, दारात लिंबाचं झाड. बाई सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. नाशिकला मुलाकडं कायमच्या जायला निघाल्या होत्या. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पियानो तिथं जाणार नव्हता. मिशनमधली परदेशी मंडळी मायदेशी परत गेली तेव्हा तो मागे राहिला होता. बाई नव्यानं लग्न होऊन आल्या होत्या, आणि चर्चमध्ये उपासनेला पेटी वाजवायच्या, म्हणून तो त्यांच्याकडं आला. नंतर घरात मुलं वाढली, गेली, यजमान गेले. पियानो त्याच भिंतीला होता.

माझ्याआधी तिघं येऊन गेल्याचं त्यांनी सांगितलं. एका हॉटेलवाल्याला आतलं सगळं काढून टाकून त्याचं काउंटर करायचं होतं. एक फर्निचरवाला लाकडाची जाडी बघून गेला. एका मंडपवाल्याला तो लग्नाच्या स्टेजवर शोभेसाठी हवा होता.

“झाकणसुद्धा उघडलं नाही गं कुणी,” बाई म्हणाल्या. “तुला वाजवता येतो?”

“उजव्या हातानं,” मी म्हटलं.

“आणि डावा?”

“तो अजून शिकायचाय.”

बाई हसल्या, आणि मला स्टुलावर बसवलं. मी माझी एकुलती एक चाल वाजवली. बाईंनी ती उभ्यानं शेवटपर्यंत ऐकली. तुला द्यायला मला आवडेल, असं त्या म्हणाल्या. मात्र एवढी मोठी वस्तू घ्यायची तर घरच्या मोठ्या माणसाला दाखव, पुढच्या रविवारी घेऊन ये. मला त्यांचं म्हणणं योग्यच वाटलं. आमच्याकडंही कुणी एकट्यानं काही घेत नाही.

आबांना मी घरी जाऊन सांगितलं. पियानो म्हणजे काय हे समजावताना मी पायपेटीपासून सुरुवात केली. आबांना एवढंच कळलं की लेक काहीतरी मोठं, जुनं आणि दुसऱ्याच्या घरातलं विकत घेतेय. असं म्हटल्यावर ते येणारच होते. जनावराच्या बाजारात आबांना मान होता. गावात कुणाला बैल घ्यायचा असो की शेळी, आबांना सोबत नेल्याशिवाय व्यवहार होत नसे. त्यांचं बाजारातलं बोलणं मी लहानपणापासून ऐकलं होतं. जनावर मनात भरलं की आबा त्याला नावं ठेवायला लागायचे. बसमध्ये त्यांनी मला फक्त त्याचं वय विचारलं. पन्नास-साठ वर्षं असेल, म्हटलं. आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “म्हंजे म्हातारं झालं की.”

बाईंनी त्या दिवशी पियानोवरचं भरतकामाचं कापड धुऊन इस्त्री करून घातलं होतं. खोलीत पॉलिशचा वास होता. बशीत बिस्किटं मांडलेली होती. आबांनी पायरीखाली चपला काढल्या, पटका सारखा केला, रामराम घातला. बाईंनी स्वतः कापड काढलं, झाकण उघडलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. कौतुक ऐकायला माणूस उभं राहतं, तशा.

आबांनी पियानोला पुढून बघितलं, बाजूनं बघितलं, गुडघ्यावर बसून खालून बघितलं. फळीवर हातानं थाप मारली. मग उठून एक पांढरी पट्टी दाबली, तिच्या शेजारची दाबली.

“दात पिवळं पडल्यात,” आबा म्हणाले.

“हस्तिदंती आहेत ते,” बाई म्हणाल्या. “जुने झाले की पडतातच.”

“ह्यो तर खाली बसलाय. वर येतच न्हाय. आवाज बी घोगरा हाय. पायात काय जोर दिसत न्हाय.”

मी आबांच्या सदऱ्याची बाही ओढली. मी भाव पाडायला खुणावतेय असं आबांना वाटलं असावं, कारण त्यांना उलट चेव चढला. पोट सुटलंय, रंग उडालाय, असलं दारात नेलं तर शेजारीपाजारी हसत्याल, असं ते एकामागून एक बोलत गेले. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते मला कळलं, आबांना कळलं नाही.

“मला नाही विकायचा,” बाई म्हणाल्या.

आबांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. बाजारात विकणारा ‘विकायचं न्हाय’ म्हणतो तेव्हा खरा व्यवहार सुरू होतो. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि आरामात म्हणाले, “नका इकू. असलं घेनार बी कोन हाय म्हना? पोरगी म्हनली म्हनून आमी आलो.”

बाईंनी झाकण बंद केलं. कापड घातलं, चारी कोपरे सारखे केले. आबांचा चहा अर्धा राहिला होता. तो बाईंनी उचलला नाही, पण त्या परत बसल्याही नाहीत.

“तुम्हाला आता इंदापूरची गाडी मिळेल,” त्या म्हणाल्या.

आबा त्या रात्री माझ्याकडंच मुक्कामाला येणार होते. स्टँडवर येईपर्यंत ते खुशीत होते. उद्या सांगावा येतो का नाही बघ, म्हणाले. आम्ही बाकावर बसलो. सांगावा येणार नाही, हे मी त्यांना सांगितलं. बाई भावासाठी ताणून धरत नव्हत्या, त्यांना वाईट वाटलं होतं.

“कशाचं?”

“तुम्ही नावं ठेवलीत त्याचं.”

“मंग? घ्यायचं म्हनल्यावर नावं ठेवायचीच.”

मी म्हटलं, आबा, त्या कधी जनावराच्या बाजारात गेलेल्या नाहीत.

आबांना ते पटेना. “कदीच न्हाय? म्हस, शेरडू, कायबी?”

“नर्स होत्या त्या. मिशनच्या दवाखान्यात.”

इंदापूरची गाडी लागली, माणसं जागा धरायला धावली. आबा बसूनच राहिले. मी म्हटलं, सकाळी त्यांनी आपल्यासाठी त्याला पॉलिश केलं होतं. आबांनी उजव्या हाताची बोटं नाकाजवळ नेली. वास अजून होता.

“व्हय,” ते म्हणाले, आणि उठले. गाडीकडं नाही, स्टँडच्या बाहेरच्या रस्त्याकडं.

बाईंनी दार उघडलं तेव्हा आबा पायरीच्या खालीच थांबले. आत या, असं बाई म्हणाल्या नाहीत. आबांनी पटका काढून हातात घेतला. मी त्यांना देवळाशिवाय कुठं पटका काढताना पाहिलं नव्हतं.

“बाई, माझं चुकलं,” आबा म्हणाले. “पर कसं चुकलं ते सांगू द्या. आमच्यात जे जनावर मनात भरलं, त्याला मालकाच्या दारात चांगलं म्हनत न्हाईत. नजर लागती. नव्या दावनीला गेलं की चारा खात न्हाय. आन् मालकाचा जीव बी त्यात आडकून ऱ्हातो, त्याला सोडवंना होतं. म्हनून नावं ठेवायची. जेवढं मनात भरलं, तेवढी ठेवायची.”

बाई उंबऱ्याबाहेर आल्या.

“तुम्ही फार ठेवलीत,” त्या म्हणाल्या.

“व्हय,” आबा म्हणाले.

बाई पायरीवर बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी खाली बसत नसत. आबांनी सांगितलेल्या खोडी सगळ्या खऱ्या आहेत, असं त्याच बोलल्या. ती एक पट्टी बसलेली आहे, आवाजही पूर्वीचा राहिला नाही. त्यांना ते रोज ऐकू येत होतं. पण तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. यजमान गेल्यापासून या घरात संध्याकाळी तेवढाच एक आवाज होता, आणि तो टाकाऊ आहे असं मानून आपण नाशिकला जायचं, हे त्यांना सोसवलं नाही. मग त्यांनी आबांना सरळच विचारलं.

“खरं सांगा तात्या. तुम्हाला आवडला का तो?”

“हितं न्हाय सांगता यायचं.”

“का?”

“अजून तुमच्या दारात हाय.”

“मग मला कधी कळणार?”

“आमच्या घरी पोचला की सांगीन. मी सांगीन, पोरगी न्हाय.”

बाईंना हसू आलं. आवरायचा प्रयत्न करूनही आलं. त्यांनी किंमत सांगितली आणि आबांनी मान हलवली. आबांनी घासाघीस न करता काही घेतलेलं मी तेवढंच पाहिलं.

बाईंची एक अट होती. ईस्टर झाला की त्या जाणार होत्या. तोपर्यंत दर रविवारी दुपारी मी यायचं आणि डावा हात शिकायचा. पियानो एका हाताच्या माणसाला द्यायचा नाही, असं त्या म्हणाल्या. मला तर ही अट म्हणजे बक्षीसच वाटलं. पुण्यात अर्धवट राहिलेली गोष्ट कुणीतरी आपणहून पुढं न्यायला तयार होतं.

शिकणं मात्र सोपं नव्हतं. माझी बोटं ताठ होती. डावा हात उजव्याच्या मागोमाग जायचा, उजवा थांबला की तोही थांबायचा. बाई ओरडत नसत. त्या शेजारी खुर्ची घेऊन बसायच्या आणि माझ्या डाव्या मनगटाखाली दोन बोटं धरायच्या, नाडी बघावी तशी. मनगट खाली आलं की त्यांची बोटं वर उचलायची. एवढंच. भाकरी थापताना दोन्ही हात वेगळं काम करतात की नाही, असं त्यांनी एकदा विचारलं. एक हात थापतो, दुसरा फिरवतो. मी घरी जाऊन आईच्या हातांकडं नीट बघितलं, आणि त्यानंतर खरंच थोडं जमायला लागलं.

आबाही अधूनमधून यायचे. बाजारातून बारामतीला आले की बाईंसाठी गूळ, शेंगा, कधी हुरडा घेऊन. बाईंनी आता त्यांची रीत पूर्ण शिकून घेतली होती. आबा वऱ्हांड्यात टेकले की त्या आतूनच विचारायच्या, “काय तात्या, आज कोणती खोड सापडली?” आणि आबा गंभीरपणे विचार करून सांगायचे, “पाठ लई रुंद हाय. वळताना आडचन करील.” किंवा, “पितळंचं डाग बघा की, अंगावर केवढं!” ते डाग म्हणजे मेणबत्त्या लावायच्या पितळी कड्या होत्या, आणि त्या दिवशी बाईंनी त्या चिंचेनं घासल्या होत्या. बाई खूश व्हायच्या. एकदा शेजारच्या बाईंनी हे बोलणं ऐकलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, तुझे वडील असं का बोलतात गं, म्हातारीला वाईट वाटेल. मी म्हटलं, नाही वाटत.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात बाई निघाल्या. मुलगा न्यायला आला होता. पियानो उचलताना त्यांना तिथं थांबायचं नव्हतं, म्हणून त्या सकाळच्या गाडीनं जाणार आणि आम्ही दुपारी टेम्पो आणणार, असं ठरलं. निघण्याआधी त्यांनी मला वाजवायला सांगितलं. दोन्ही हातांनी. मी वाजवलं. मधे डावा हात चुकला, मी थांबले नाही, बाईंनीही थांबवलं नाही. चाल कशीबशी शेवटाला पोहोचली. बाईंनी झाकण लावलं, कुलूप घातलं आणि घराची व पियानोची अशा दोन्ही किल्ल्या आबांच्या हातात दिल्या. मुलाला ते थोडं विचित्र वाटलेलं दिसलं. तो माझ्याकडं बघत होता, शिकलेली म्हणून. बाईंनी त्याला काही समजावलं नाही. रिक्षात बसताना त्या आबांना एवढंच म्हणाल्या, “तात्या, सांगायचं राहिलंय तुमचं.”

“ध्येनात हाय,” आबा म्हणाले.

दुपारी गावाकडची चार जाणती माणसं आली. सगळी साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या मोळ्या भरणारी. टेम्पोत आबांनी आधी उसाचं पाचट पसरलं, त्यावर पोती, आणि पियानोला घरची दोन घोंगडी गुंडाळली. वजन बघून माणसं चाट पडली. एवढ्याशा कपाटात काय भरलंय म्हणून त्यातल्या एकानं विचारलं. आबा मागं पियानोजवळ बसले, त्याच्याकडं तोंड करून, एक हात त्याच्या अंगावर ठेवून. मी पुढं ड्रायव्हरशेजारी होते. निमगाव केतकीला चहाला थांबलो, तर आबा खाली उतरले नाहीत. त्यांचा चहा वर नेऊन दिला.

इंदापुरात खोलीच्या आतल्या भिंतीला पियानो उभा राहिला, तेव्हा खोलीत माझी कॉट राहण्यापुरती जागा उरली. माणसं जेवून गेली. मी घोंगडी काढली आणि एक एक पट्टी दाबून बघितली. प्रवासात काही बिघडलं नव्हतं. बसलेली पट्टीसुद्धा तशीच बसलेली होती. आबा उंबऱ्यात उभे होते. मी वाजवायला लागले तेव्हा ते ऐकायला थांबले नाहीत. बाहेरून हाक आली, “फोन कुटनं करत्यात?”

एसटीडी बूथ स्टँडजवळ होता. आबांनी याआधी कधी फोन केला नव्हता. नंबर मी लावला. नाशिकला बाईंच्या मुलानं उचलला आणि बाईंना बोलावलं. मी रिसीव्हर आबांच्या हातात दिला. त्यांनी तो कानापासून वीतभर लांब धरला, आणि नाशिकपर्यंत आवाज जायचा म्हणजे केवढ्यानं बोलायला हवं, तेवढ्यानं बोलायला लागले.

“बाई, मी कोऱ्हाळ्याचा. पोचलं घरी. आमच्या दारात आलं, आता सांगतो.” आबांनी घसा साफ केला. “लई देखनं हाय. असं अंग म्या कुनाचं बगितलं न्हाय. काळंभोर, तुकतुकीत. दात म्हनाल तर त्या वयाला तसंच शोभत्यात. आन् आवाज, बाई, आवाज तर आसा हाय की पयल्या दिवशी ऐकला तवाच माझ्या अंगावर काटा आला हुता. मी तुमच्यापासनं लपवला. तुमी लई निगुतीनं संबाळलंय. आमाला तसं जमंल का न्हाय देवाला ठावं.”

बूथबाहेर रांगेत उभ्या असलेल्या एका माणसानं मला हळूच विचारलं, “किती लिटर देती?”

आबांनी बोलणं संपवलं होतं आणि रिसीव्हर कानाला नीट लावून ते ऐकत होते. बराच वेळ ऐकत होते. पलीकडून काही येत नसावं, कारण त्यांनी गोंधळून रिसीव्हर माझ्याकडं दिला. “गेला वाटतं फोन.”

फोन गेला नव्हता. मला श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, बाई, मी आहे.

“त्यांना पुन्हा सांगायला सांग,” बाई म्हणाल्या.

मी रिसीव्हर आबांना परत दिला. बूथवाल्यानं मीटरकडं बोट दाखवलं. आबांनी तिकडं पाहिलं नाही. त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.